खण कोणी उघडला

बारकी उभी राहिली की तिचं डोकं दाराच्या चौकटीला लागतंय की काय असं वाटायचं. पण घरातलं शेंडेफळ म्हणून एकदा जे नाव पडलं ते पडलं. ते नाव ऑफिसात आणलं तिच्या भावजयीने, आणि भावजयीला 'वहिनी' करून टाकलं बारकीने. फिट्टंफाट झाली. आता साहेबांपासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळेच एकीला वहिनी आणि दुसरीला बारकी म्हणत.

कंपनी लहानशी होती. खाली टायरचं दुकान, वर ही मंडळी. नवजात बाळांच्या ऊबपेट्या बनवायची. वेळेआधी जन्मलेलं बाळ ज्या काचेच्या पेटीत उबेला ठेवतात, ती पेटी. पेटीच्या पोटातला बोर्ड वहिनीने घडवलेला. त्या बोर्डावर चालणारं कर्नेल, म्हणजे सगळ्या सॉफ्टवेअरच्या तळाशी बसून यंत्राशी थेट बोलणारा भाग, बारकीचं. "आमच्याकडे नणंद-भावजय एका पेटीत नांदतात," असं साहेब आल्यागेल्याला सांगत आणि कोणी हसायच्या आत स्वतःच हसून घेत.

हे हसू अलीकडे बंद पडलं होतं. चाचणीच्या लांब टेबलावर मांडलेल्या पेट्या मधूनच भोंगा वाजवत, पडद्यावर 'तापमान मिळत नाही' अशी ओळ येई आणि पेटी आपणहून गरम होणं थांबवी. पुन्हा सुरू केली की गुणी बाळासारखी चाले. कधी सकाळभर काही नाही, कधी चहा निवायच्या आत दोनदा बोंब. पेटी बंद पडते ते एका परीने बरंच, चुकीचं तापमान घेऊन बाळाला भाजण्यापेक्षा बंद पडलेली बरी. पण भरवशाची नसलेली ऊबपेटी कोण विकत घेणार?

हार्डवेअरवाले आणि सॉफ्टवेअरवाले यांचं अशा वेळी काय होतं ते जगजाहीर आहे. हे म्हणतात बोर्डाचं बिघडलंय, ते म्हणतात प्रोग्रॅमचं. इथे निदान दोघी एकाच डब्यातलं जेवत होत्या, म्हणून भांडण तोंडावर आलं नाही. साहेबांनी मात्र मनाशी हिशेब मांडला होता. बाजारात तयार बोर्ड मिळतो. दिसायला ओबडधोबड, वीज जास्त खातो, पण चालतो. आठवडाअखेरपर्यंत दोष सापडला नाही तर वहिनीचा बोर्ड कपाटात जाणार आणि तयार बोर्ड पेटीत बसणार, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं.

वहिनी वरवर शांत बाई. पण तो बोर्ड तिच्या काळजाचा तुकडा होता, आणि हे मी उगाच भारदस्त वाटावं म्हणून म्हणत नाही. तिची मुलगी वेळेच्या फार आधी जन्मली तेव्हा अशाच एका पेटीत होती. वहिनी दिवसभर त्या काचेला नाक लावून उभी असे, आणि राहवलं नाही की पेटीची गोल खिडकी उघडून त्या काडीएवढ्या पायाला बोट लावून बघे. श्वास चाललाय ना, गरम आहे ना. शेवटी तिथली नर्स म्हणाली होती, "बाई, तुम्ही खिडकी उघडता तेवढ्या वेळा ऊब बाहेर जाते. काचेतून बघा की." वहिनीला तेव्हा तिचा राग आला होता. मुलगी जगली, वाढली, आता शाळेत वर्गाबाहेर उभं राहण्याइतकी वात्रट झाली. आणि वहिनीने ठरवलं की जन्मात एक तरी ऊबपेटी आपल्या हातची असली पाहिजे.

तर अशा बोर्डावर संशय आला होता, आणि संशयाचा निकाल लावायचं काम आलं होतं बारकीकडे.

"मी माग काढते," बारकी म्हणाली. "कर्नेल तुझ्या बोर्डाशी जे जे बोलतं ते सगळं टिपून ठेवते. मग बघू कोण काय म्हणालं आणि कोणी ऐकलं नाही."

"म्हणजे माझ्या बोर्डामागे हेर लावणार," वहिनी म्हणाली.

"दोघांच्याही मागे. माझं काय कमी आहे का त्यात."

ही बोलण्याची पद्धत काय असते ते एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडायला नको. बोर्डावर छोटे छोटे खण असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. प्रत्येक खणाला पत्ता असतो. कर्नेल एखाद्या खणात हुकूम ठेवतं, दुसऱ्यातून उत्तर उचलतं. वहिनीच्या बोर्डाची रीत अशी होती: नवं तापमान मोजून झालं की बोर्ड घंटी वाजवणार आणि स्टेटसच्या खणात एक खूण ठेवणार. कर्नेल घंटी ऐकून धावत येणार, खणात खूण दिसली की तापमान उचलणार. खूण नसली तर 'घंटी दुसऱ्या कोणासाठी असेल' असं समजून परत जाणार. असं लागोपाठ होत राहिलं की तापमान शिळं होतं, आणि मग भोंगा.

बारकीने पहिल्यांदा सोपा मार्ग धरला. कर्नेलने कुठलाही खण उघडला की त्याची एक ओळ तारेवरून शेजारच्या संगणकावर छापायची. ओळी धबधब्यासारख्या पडू लागल्या. आणि भोंगा थांबला. सकाळ गेली, दुपार गेली, एक पेटी कुरकुरली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. साहेब खुशीत आले.

"झालं की मग. हे छापणं असंच चालू ठेव, देऊन टाकू पेट्या."

"साहेब, दुरुस्त काही झालेलं नाही," बारकी म्हणाली. "प्रत्येक ओळ छापायला वेळ लागतो, त्यामुळे कर्नेल रेंगाळतंय. रेंगाळल्यामुळे जी गाठ पडायची ती पडत नाहीये, एवढंच. उद्या दुसऱ्या कशाने वेग बदलला की पुन्हा बोंब. आणि तेव्हा पेटीत बाळ असेल."

साहेबांचा चेहरा पडला, पण त्यांनी वाद घातला नाही. बारकी बाळाचं नाव घेऊन बोलली की कोणी वाद घालत नसे.

वहिनीने हे सगळं आपल्या टेबलावरून पाहिलं. खरं तर तिने सुटकेचा श्वास सोडला होता. छापणं चालू ठेवलं असतं तर बोर्ड वाचला असता. ते बारकीलाही कळत होतं. तरी ती पोरगी नाही म्हणाली. वहिनीला वाईट वाटलं आणि त्याच दमात अभिमानही वाटला. आपल्या सासरच्या माणसाबद्दल असं वाटणं तिला जरा अवघडच गेलं.

मग बारकीने हलका माग बनवला. छापणं नाही, काही नाही. यंत्राच्या स्मृतीतला एक कोपरा राखून ठेवायचा, त्यात प्रत्येक उघडझाप चिमूटभर जागेत टिपायची, जागा भरली की जुन्यावर नवं लिहीत जायचं, आणि भोंगा वाजताक्षणी हात थांबवायचा. म्हणजे अपघाताच्या आधीचं तेवढं हातात राहतं. ऐकायला सोपं वाटतं. पण टिपणारा इतका चपळ पाहिजे की ज्याला टिपतोय त्याला पत्ताही लागता कामा नये. बारकीने ते ज्या काटकसरीने लिहिलं ते वहिनीने मागे उभं राहून वाचलं. एक शब्द फुकट नाही. वहिनीला स्वयंपाकघरातली बारकी आठवली, चहा करताना अर्धा ओटा भिजवणारी. ही तीच का, असं तिला वाटलं.

हलका माग लावल्यावर भोंगा परत आला. इतका आनंद त्या भोंग्याने कोणालाच कधी दिला नव्हता. बारकी खुर्चीवरून उठलीच. ओळी बाहेर काढल्या, साहेबही येऊन उभे राहिले.

घंटी वाजली होती. कर्नेल धावत आलं होतं. त्याने स्टेटसचा खण उघडला होता. खण रिकामा होता. पुन्हा घंटी, पुन्हा रिकामा खण.

"म्हणजे बोर्ड घंटी वाजवतो आणि खूण ठेवत नाही," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, उलट मऊच होता, आणि तेच जास्त लागलं. "वहिनी, मला वाटतं आता थांबू या."

वहिनीने मान डोलावली. पुरावा डोळ्यांसमोर होता, आणि ज्या मुलीने तो काढला होता तिच्या हाताबद्दल वहिनीला तिळभर शंका नव्हती. ती टेबलाशी परत आली. तिने बोर्डाचा नकाशा उघडला, खूण ठेवणारा भाग पुन्हा तपासला. पहिल्यांदा घंटी नव्हे, पहिल्यांदा खूण, मग घंटी. चूक दिसत नव्हती. दिसत नाही म्हणजे नाही असं थोडंच आहे, तिने स्वतःला बजावलं.

घरी जाताना दोघी एकाच गाडीत होत्या. बारकी खिडकीबाहेर बघत होती. मध्येच म्हणाली, "मला ते पटत नाहीये."

"काय?"

"रिकामा खण. मी कर्नेलच्या दारातून जाणारे-येणारेच टिपले. पुढच्या दारावर पहारा ठेवला, वहिनी. मागचं दार आहे की नाही ते मी बघितलंच नाही."

"माझ्या समाधानासाठी करू नकोस हं हे."

"तुझ्या समाधानासाठी कशाला करीन. तू चिडलेली असलीस की भाजी छान करतेस."

वहिनीला हसू आलं. घरी सासूबाईंनी दोघींची तोंडं बघितली आणि वाढायला घेतलं. वहिनीची मुलगी आत्याच्या मांडीवर जाऊन बसली, एवढी मोठी झाली तरी.

दुसऱ्या दिवशी बारकीने जे केलं ते ऐकून वहिनी थक्क झाली. तिने खणांपर्यंत जाणारा रस्ताच मोडून ठेवला. बोर्डाच्या सगळ्या खणांचे पत्ते ज्या पानावर असतात, ते पानच यंत्राच्या दृष्टीने 'नाही' असं करून टाकलं. आता कोणीही, कुठल्याही दाराने, खण उघडायला गेलं की ठेच लागून पडणार. पडला की कर्नेलच त्याला उचलणार, 'कोण तू, कुठला खण' एवढं टिपणार, खण उघडून देणार, आणि तो पुढे गेला की रस्ता परत मोडून ठेवणार. ज्याला ठेच लागली त्याला आपण पडलो होतो हे कळणारही नाही.

"पण यात वेळ जाणार," वहिनी म्हणाली. "परत ती गाठ पडली नाही तर?"

"जाणारच. छापण्याइतका नाही, पण जाणार. भोंगा उशिरा वाजेल, कदाचित क्वचित वाजेल. बसू वाट बघत. दुसरा कोणी खण उघडत असेल तर एकदा तरी सापडेलच."

असलं काहीतरी करता येतं हे वहिनीने ऐकलेलं होतं. पण समोर बसून कोणी एका सकाळीत ते उभं करताना तिने पाहिलं नव्हतं. बारकी मध्येच थांबे, डोळे मिटे, ओठांनी काहीतरी मोजल्यासारखं करी आणि मग एकदम लिहीत सुटे. चुकली की स्वतःवर हसे आणि पुसून टाके. ही एवढी मोठी केव्हा झाली, असं वहिनीच्या मनात आलं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा बारकी तिच्याकडून गणितं सोडवून घेत असे.

दुपार उलटल्यावर भोंगा वाजला. ओळी निघाल्या. बारकीने त्या वाचल्या, परत वाचल्या. साहेबांच्या खोलीचं दार उघडंच होतं, तिकडे ती गेली नाही. तिने वहिनीला हाक मारली, खुर्ची सरकवून दिली आणि स्वतः बाजूला उभी राहिली.

वहिनीने वाचलं. बोर्डाने खूण ठेवली. बोर्डाने घंटी वाजवली. आणि घंटी ऐकून कर्नेल पोचायच्या आत दुसऱ्याच कोणीतरी स्टेटसचा खण उघडला होता. खूण त्याला मिळाली. त्यानंतर कर्नेल आलं, तोवर खण रिकामा. दुसऱ्या उघडणाऱ्याचं नाव त्या ओळीत स्वच्छ होतं: राखण.

राखण हा वहिनीने लिहिलेला छोटा प्रोग्रॅम होता.

बोर्ड नवा होता तेव्हा त्याची तब्येत बघायला म्हणून तिने तो लिहिला होता. मधूनमधून सगळे खण उघडायचे, आत डोकवायचं, सगळं ठीक दिसलं की गप्प बसायचं. कर्नेलला विचारायचं नाही, थेट जायचं. टेबलावरच्या प्रत्येक पेटीत तो आपोआप सुरू होत असे. बारकीने सुरुवातीलाच विचारलं होतं की बोर्डाशी आणखी कोण बोलतं, तेव्हा वहिनीने त्याचं नाव घेतलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे. राखण कुठे बोलतो, तो तर नुसता बघतो, असं तिला मनापासून वाटत होतं.

पहिल्या बोर्डात नुसतं बघून काही बिघडतही नव्हतं. मग त्याची सुधारित दुसरी आवृत्ती केली तेव्हा बारकीने एक सोय मागितली होती: खूण वाचली की ती आपोआप पुसली जाऊ दे, म्हणजे मला पुसण्याची वेगळी खेप नको. वहिनीने ती हौसेने करून दिली होती. आणि राखण तसाच राहिला होता, जुन्या सवयीने खण उघडून बघणारा. आता तो बघायचा आणि खूण पुसली जायची.

आणखी एक गोष्ट वहिनीला आठवली आणि तिने कपाळाला हात लावला. भोंगे सुरू झाले तेव्हा काळजीने तिने राखणाला आणखी लवकर लवकर बघायला लावलं होतं. भोंगे वाढले तसं तिने बघणं वाढवलं. रुग्णालयात रिकामी चालवून बघायला दिलेली एक पेटी होती, तिच्यात राखण नव्हता. तिथून एक तक्रार आली नव्हती, आणि साहेब म्हणाले होते, तिथे कोणी लक्ष देत नसेल.

"साहेबांना दाखवलंस?" तिने विचारलं.

"अजून नाही."

"ती एक ओळ..." वहिनी म्हणाली. तिचं बोट राखणाच्या नावावर होतं.

"मागात मी हात घालत नाही, वहिनी. जे घडलं ते तसंच राहणार." बारकी म्हणाली. "पण ते आधी कोणी वाचायचं एवढं माझ्या हातात होतं. आणि एक सांगू? तुझ्या बोर्डाने एकदाही चूक केलेली नाही. एकदाही. मी सगळ्या ओळी बघितल्या. प्रत्येक वेळी आधी खूण, मग घंटी. इतका इमानी बोर्ड मी पाहिला नाही. आणि ती पुसायची सोय मागणारी मीच. माझंही नाव घे."

वहिनीचे डोळे भरून आले. लाज होतीच, पण त्याहून मोठं काहीतरी होतं. या मुलीने हट्टाने दुसऱ्यांदा माग काढला नसता तर तो बोर्ड खोटा ठरून कपाटात गेला असता, आणि कपाटाला कुलूप लावणारी वहिनी स्वतःच असती.

ती उठली आणि स्वतःच्या पायांनी साहेबांच्या खोलीत गेली. जे होतं ते सरळ सांगितलं, काही झाकलं नाही. साहेबांनी त्या ओळी बोट लावून वाचल्या.

"म्हणजे बोर्ड चांगला आहे."

"बोर्ड चांगला आहे. मीच त्याला सारखी उठवून विचारत होते, बरा आहेस ना."

साहेबांनी डोकं खाजवलं. "तयार बोर्डवाल्यांना नको म्हणून कळवतो," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "आणि बारकीला सांगा, चांगलं काम झालं. मी सांगितलं तर ती चेष्टा करते माझी."

वहिनी परत आली तेव्हा राखण पुसून टाकायला तिने हात पुढे केला. पुसला. मग नुसतीच बसून राहिली. पुसायला हवा होता हे कळत होतं, पण आता पेटीत काय चाललंय ते तिला दिसणार नव्हतं. बारकीने तिच्याकडे पाहिलं आणि आपल्या जागी जाऊन थोडा वेळ काहीतरी लिहीत बसली.

मग तिने पेटीशेजारचा पडदा वहिनीकडे वळवला. त्यावर बोर्डाचे सगळे खण एकाखाली एक दिसत होते, आतल्या आकड्यांसकट, आणि आकडे हलत होते.

"हे खण नाहीत," बारकी म्हणाली. "कर्नेल कामासाठी जेव्हा खण उघडतं तेव्हा आत जे दिसलं त्याची प्रत बाहेर ठेवतं. ती ही प्रत. तू हजारदा वाच, दहा हजारदा वाच, बोर्डाला धक्का लागणार नाही. काचेतून बघितल्यासारखं समज."

नर्सची गोष्ट वहिनीने तिला कधी सांगितली नव्हती. कोणालाच सांगितली नव्हती. ती बारकीकडे बघत राहिली, आणि बारकीला वाटलं हिला काही समजलेलं नाही, म्हणून ती पुन्हा समजावून सांगू लागली.

"कळलं गं," वहिनी म्हणाली. "बस माझ्याजवळ."

दोघी स्टुलं ओढून बसल्या. तापमान मोजलं जात होतं, खूण ठेवली जात होती, कर्नेल येऊन ती उचलून नेत होतं. टेबलावरच्या पेट्या शांत होत्या. वहिनी ऑफिस सुटेपर्यंत पोटभर बघत राहिली.